बाईंकडे उरलेला शब्द

बाईंची वाचा गेली, पण सगळीच्या सगळी गेली नाही. एक शब्द मागे राहिला, आणि तोही परका. जन्मभर मराठीत रागावलेल्या, मराठीत हसलेल्या, दूधवाल्याशी मराठीत हुज्जत घातलेल्या बाई दवाखान्यात शुद्धीवर आल्या त्या तोंडात इंग्रजी शब्द धरून. ‘गेट.’

मुलगा पलंगापाशी उभा होता. त्याला वाटलं, आईला दवाखान्याच्या फाटकाबाहेर पडायचंय, घरी जायचंय. तसं त्याने नर्सला सांगूनही टाकलं. घरी आणल्यावरही बाईंचं ‘गेट, गेट’ थांबेना, तेव्हा हा गडी चार मजले उतरून खाली गेला आणि इमारतीच्या फाटकाची कडी तपासून आला. त्याला हसण्यात अर्थ नाही. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. काही अडलं असेल तर ते कुठल्या तरी कडीत नाहीतर तारेत अडलेलं असणार, याच्यापलीकडे त्याचं डोकं चालत नसे, आणि आईच्या डोक्यात हात घालून बघता येत नाही म्हणून तो आतल्या आत पार खचला होता.

त्याच्या बायकोला मात्र पहिल्याच दिवशी कळलं की हे फाटक नव्हे, हे क्रियापद. तिला ते कळणारच होतं, कारण या शब्दापायी तिने शाळेत जेवढी बोलणी खाल्ली होती तेवढी वर्गात कुणी खाल्ली नव्हती.

तिला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव बाईंनीच ठेवलेलं, ती त्यांच्या इंग्रजीच्या वर्गात शेवटच्या बाकावर होती तेव्हा, एका जागी बूड टेकत नाही म्हणून. पुढे ती चष्म्याच्या काचा घासण्याच्या कामाला लागली, आणि त्याच्याही पुढे बाईंच्या मुलाचा हात धरून त्यांच्याच घरात सून म्हणून आली. ‘ज्या विषयात कधी धड पास झाले नाही तो विषय सासू म्हणून पदरी पडला,’ असं ती कारखान्यात मैत्रिणींना सांगायची. इंग्रजीत तिला एकच क्रियापद येत असे आणि ते ती मिठासारखं कशातही घालायची. पत्र मिळालं तरी गेट, ताप आला तरी गेट. उशीर झाला, भिजले, घरी पोचले, सगळीकडे गेटच गेट. बाई लाल पेन्सिलीने एकेकावर काट मारत आणि वर म्हणत, ‘हा आळशी माणसाचा शब्द आहे. काय बोलायचं ते ज्याला ठाऊक नाही, तो हा शब्द वापरतो.’ त्याच्या जागी त्या भारदस्त शब्द लिहून देत, आणि ते पाठ करता करता भिंगरीच्या नाकी नऊ येत.

आणि आता बाईंच्या जिभेवर नेमका तोच येऊन बसला होता. दैवाला थट्टाच करायची होती, तर जरा हलक्या हाताने करता आली असती. मेंदूत गुठळी अडकली आणि उजवा हात लुळा पडला, ओठांची एक कड ओघळली. वाचायला पुस्तक समोर धरलं तर अक्षरं ओळखीची वाटत नव्हती, आणि डाव्या हातात पेन्सिल दिली तर नुसत्या रेघा उमटत. कान मात्र शाबूत होते. नजरही तीच होती, शाळेत पोरांची चुळबुळ थांबवणारी. पण नुसत्या नजरेवर कुणी घर चालवू शकत नाही.

दवाखान्याकडून वाचोपचार करणारी एक तरुण मुलगी घरी यायची. तिच्याकडे चित्रांची पेटी होती. पाणी पिणारा माणूस, झोपलेलं मूल, धावणारा कुत्रा. एकेक चित्र समोर धरून ती विचारायची, ‘हा काय करतोय, बाई?’ बाई चित्राकडे बघत, मग तिच्याकडे, मग भिंतीकडे, आणि तोंड मिटून घेत. फारच आग्रह झाला की म्हणत, ‘गेट.’ घरात तिचं नाव चित्रवाली पडलं. मुलगी गुणी होती, कळवळ्याची होती, आणि जे शिकली होती ते मनापासून सांगत होती.

‘हा अडकलेला शब्द आहे,’ तिने नवरा-बायकोला स्वयंपाकघरात नेऊन समजावलं. ‘या आजारात होतं असं. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याला अर्थ नसतो. उचकी लागते ना, तसं समजा. तुम्ही त्याला दाद दिलीत तर मेंदू तिथंच ठाण मांडून बसेल. तो शब्द आला की बघायचं नाही, उत्तर द्यायचं नाही. चित्र पुढे करायचं.’

झालं. घरात कायदा लागू झाला. यंत्राबरोबर आलेला कागद वाचायचा आणि त्यात लिहिलंय तसं निमूट करायचं, हा मुलाचा धर्म, त्यामुळे तो कायदा त्याने डोळ्यांत तेल घालून पाळला. जेवताना बाई ‘गेट’ म्हणाल्या की दोघं आपापल्या ताटात बघायची. खिडकीशी बसून म्हणाल्या की भिंगरी पाठ फिरवून पेटीतलं चित्र शोधायची. सुरुवातीला बाईंचा आवाज चढत असे. मग तो उतरत गेला. शेवटी शेवटी त्या भिंतीकडे तोंड करूनच तो शब्द म्हणू लागल्या, आणि चित्रवालीला वाटलं की उपचार लागू पडतोय.

भिंगरीची रजा संपत आली होती. चित्रवालीनेच एक दिवस विषय काढला. मोठ्या दवाखान्यात वाचा गेलेल्यांसाठी वेगळा विभाग होता, तिथे राहून काही महिने उपचार घ्यावे लागत, आणि तिथे एक खाट रिकामी होणार होती. ‘पण ज्यांच्या बोलण्यात थोडा तरी अर्थ शिल्लक आहे त्यांनाच ते घेतात,’ ती म्हणाली. ‘पुढच्या शुक्रवारी मी शेवटचं बघते आणि कळवते. तोवर काही सुधारणा दिसली तर ठीक. नाहीतर...’

नाहीतर काय, ते तिघांनाही ठाऊक होतं. शहराच्या टोकाला एक शुश्रूषागृह होतं. तिथे माणसांना वेळेवर आंघोळ घालत, वेळेवर भरवत आणि खिडकीशी बसवून ठेवत. तिथून कुणी परत आल्याचं ऐकिवात नव्हतं. ‘तिथं नाही पाठवायचं,’ भिंगरी नवऱ्याला म्हणाली. ‘वेळ आली तर मी काम सोडते.’ तिचं काम तिला किती प्रिय आहे ते त्याला माहीत होतं. हे सगळं बोलणं स्वयंपाकघरात, दार लोटून चाललं होतं. ज्यांच्याबद्दल चाललं होतं त्यांना विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळची कामं उरकून भिंगरी बाहेरच्या खोलीतला दिवा बदलायला स्टुलावर चढली. स्टूल जुनं, एक पाय ढिला. नवरा त्याला खिळा मारणार होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरचं स्टूल ढिलंच राहायचं. बाई खुर्चीत होत्या.

‘गेट,’ बाई म्हणाल्या.

भिंगरीने मान वळवली नाही. कायदा म्हणजे कायदा.

‘गेट डाउ.’ आवाज चढला होता. ‘गेट डाउ!’

आज पुन्हा जोर चढलाय, असं मनात म्हणत भिंगरीने जुना दिवा काढला आणि नव्यासाठी हात लांब केला. स्टुलाचा पाय सरकला. ती कोपरावर आणि कंबरेवर आपटली, हातातला दिवा फुटून काचा फरशीभर झाल्या. क्षणभर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

‘गेट अप,’ बाई म्हणाल्या. आता आवाज अगदी खाली आला होता. ती उठली नाही तशी त्या खुर्चीत पुढे झुकल्या, एवढ्या की पडतील असं वाटलं, आणि ओघळलेल्या ओठाने जड जड शब्द ढकलत त्यांनी विचारलं, ‘गेट... हर्ट?’

शेवटी सूर वर गेला होता. तो प्रश्न होता. शाळेतलं पोरही सांगेल की तो प्रश्न होता.

भिंगरी काचांमध्ये तशीच बसून राहिली. उतर. ऊठ. लागलं का. एका शब्दाच्या तीन शेपट्या तिने आत्ता ऐकल्या होत्या, आणि तिन्ही बरोबर होत्या, आणि पहिली तर ती पडण्याच्या आधीची होती. उचकी काय माणसाला आधी सावध करते? ती सरपटत खुर्चीपाशी गेली.

‘बाई, तुम्ही मला उतर म्हणत होतात?’

बाईंनी डोळे मिटले. मग होकाराची मान हलवली, सावकाश, बरोबर उत्तर द्यायला फार वेळ लावणाऱ्या पोराकडे बघून हलवायच्या तशी.

‘तुम्हाला कळतंय? तुम्ही म्हणताय ते तुम्हाला कळतंय?’

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की भिंगरीला आपण विचारलं याचीच शरम वाटली. मग चांगला हात उचलून त्यांनी तो तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाल्या, ‘गेट रेस्ट.’

हे तिने ऐकलं होतं. हेच तिने ऐकलं होतं, ‘गेट रे’, रोज संध्याकाळी, भांडी आवरून ती भिंतीला टेकून बसायची तेव्हा. जरा पड, विसावा घे. बाई तिला रोज हेच सांगत होत्या, आणि ती रोज उठून त्यांच्या तोंडासमोर धावणाऱ्या कुत्र्याचं चित्र धरत होती. भिंगरीला रडू फुटलं. कोपर ठणकत होतं त्याचं नव्हे. या घरात इतके दिवस एक माणूस बोलत होतं, काळजी करत होतं, आणि आपण शहाण्यासारखी पाठ फिरवत होतो, याचं ते रडू होतं.

दुसऱ्या दिवसापासून नवरा कामावर गेला की ती कायदा मोडायची. बाईंच्या पायाशी बसायची आणि नुसती ऐकायची. जिभेला वळण नव्हतं, शेपटीचा शब्द निम्मा गळून पडायचा, पण कान लावला तर तो होता. चहाच्या कपाकडे बघत ‘गेटिंग कोल्ड’. दार वाजलं तर ‘गेट इट’, म्हणजे उघड. मुलाच्या चपलांकडे बोट करून ‘गॉट लेट?’ म्हणजे त्याला उशीर झाला का आज. काही वेळा नुसतंच ‘गेट’ आणि नजर पाण्याच्या तांब्यावर. भिंगरीने जितकं ऐकलं तितकी ती चकित होत गेली. बाकी सगळे शब्द वाहून गेले होते, पण हा शब्द नुसता शब्द म्हणून उरला नव्हता, त्याचं सगळं व्याकरण बरोबर घेऊन उरला होता. चालू असलेल्या गोष्टीला बाई ‘गेटिंग’ म्हणत, होऊन गेलेल्याला ‘गॉट’. एकदा आंघोळीनंतर आरशापुढे त्यांचे केस विंचरताना त्या स्वतःकडे बघून म्हणाल्या, ‘गॉट ओल्ड.’ काळ गेला, वय झालं, आणि तेही बरोबर भूतकाळात. त्यांच्या डोक्यात सगळी पडझड झाली होती आणि तिथं अजून काल, आज आणि उद्या जागच्या जागी होते. भिंगरीचा फणी धरलेला हात थांबला. एवढं मोठं काही आपल्या डोळ्यांदेखत चाललंय आणि ते बघायला आपण एकटीच आहोत, याची तिला भीतीच वाटली.

ती स्वतःशी हिशेब जुळवू लागली. उठणं, उतरणं, आणणं, मिळणं, पोचणं, म्हातारं होणं, गार होणं, दुसऱ्याकडून काम करवून घेणं. मराठीत यातल्या प्रत्येकाचा संसार वेगळा, चूल वेगळी. इंग्रजीत ही सगळी बिऱ्हाडं एका शब्दात कशी राहतात? पुढे वस्तू आली की तो आणतो, गुण आला की तो होतो, दिशा आली की हलतो, माणूस आला की त्याला कामाला लावतो. शेजारी कोण बसलंय त्यावर याचं वागणं. शाळेत तिने हा शब्द हजारदा वापरला तो दुसरा येत नव्हता म्हणून. त्याच्या आत डोकावून कधी बघितलं नव्हतं.

आणि एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता तिला तो आतून दिसला. पाणी हातात नव्हतं, आलं. चहा गार नव्हता, झाला. माणूस वर होता, खाली आला. दर वेळी तेच. नव्हतं, आणि झालं. या शब्दाच्या पोटात एवढंच होतं, जे आत्ता नाही त्याच्याकडे टाकलेलं पाऊल. ज्या बाईकडे आता काहीच उरलं नव्हतं, हात नाही, अक्षर नाही, स्वतःच्या मुलाचं नावसुद्धा जिभेवर नाही, तिच्याकडे नेमका हाच शब्द कसा राहिला? भिंगरी देवभोळी नव्हती. पण अर्धी घडी मांडीवर ठेवून ती बराच वेळ बाईंकडे बघत बसली, आणि तिला हात जोडावेसे वाटले.

नवऱ्याला सांगितलं तर त्याने आधी ऐकून घेतलं, मग मान हलवली. ‘तुला वाटतंय म्हणून ऐकू येतंय.’

‘तू बसून बघ ना जरा.’

‘नको,’ तो म्हणाला. ‘मी बसायचो आणि काही नाही ऐकू आलं तर?’

त्याला अविश्वास नव्हता, त्याला आशेची धास्ती होती. भिंगरीने वाद घातला नाही. दोन दिवसांनी तो कामावरून आला तो कोपरापर्यंत काळ्या ग्रीसने माखलेला, आणि तसाच आईच्या खुर्चीवरून वाकून खिडकी लावायला गेला. ‘गेट वॉश्ड,’ बाई म्हणाल्या. तो मोरीवर गेला, साबण घेतला, दोन्ही हात खसाखसा चोळले. नळाची धार चालू होती. मग तो एकदम थांबला. हातांवर फेस तसाच, तो वळून दारातून आईकडे बघू लागला.

‘ती मला हात धू म्हणाली,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘आणि मी धुतले.’

‘हो रे,’ भिंगरी म्हणाली. ‘नळ बंद कर.’

शुक्रवारी चित्रवाली आली. चेहरा ओढलेला होता, पण आल्या आल्या तिने पेटी उघडली. पाणी पिणारा माणूस. बाई गप्प. झोपलेलं मूल. बाई गप्प. कुत्र्याचं चित्र आलं तेव्हा तर बाईंनी मानच फिरवली. मुलगा दाराला टेकून उभा होता आणि त्याच्या कपाळावर घाम होता. चित्रवालीने मान खाली घातली, ती काय लिहिणार ते दिसत होतं.

‘ताई,’ भिंगरी म्हणाली, ‘आज ती पेटी जरा बाजूला ठेवता का? बाईंना चित्रातल्या माणसांशी काही बोलायचं नसतं. आपल्याशी बोलायचं असतं. आणि तुम्ही सांगितलेलं मी पाळलं नाही, तेही सांगून टाकते. मी त्या शब्दाला उत्तरं दिली.’

चित्रवाली चिडली असती तर चाललं असतं. ती चिडली नाही. तिने पेटी मिटली, खाली ठेवली आणि म्हणाली, ‘बरं. मी ऐकते.’

बाई तिला निरखत होत्या. मग त्यांनी डाव्या हाताने खुणावलं. ‘गेट क्लोजर.’

चित्रवालीने नकळत खुर्ची पुढे ओढली. बाईंनी तिच्या हनुवटीखाली बोट धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. ‘गॉट थिन,’ त्या म्हणाल्या. आणि सूर वर नेऊन, ‘गॉट... सिक?’

‘चार दिवस ताप होता मला,’ ती मुलगी म्हणाली. ‘कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नाही.’ मग तिने डोळे पुसले. ‘मी दर वेळी यायचे तेव्हा पेटी उघडायच्या आधी तुम्ही काहीतरी म्हणायचात. मी म्हणायचे, थांबा बाई, आधी चित्रं बघू. माझं चुकलं.’

बाईंनी हात हलवला. असू दे.

‘यांना खाट मिळेल,’ चित्रवाली मुलाकडे वळून म्हणाली. ‘एक क्रियापद सगळ्या अवयवांसकट जिवंत आहे. इथून दुसऱ्या शब्दांपर्यंत जाता येतं. किती, ते आता सांगता येणार नाही, पण जाता येतं. मी आजच कळवते.’

आता खरं तर सगळ्यांनी आनंदून जायचं. पण जिंकल्यावर घरातून माणूस जाणार, हे भिंगरीने धरलंच नव्हतं. ‘आता कशाला तिथं?’ ती म्हणाली. ‘मला सगळं कळतंय त्यांचं. तिथं पहिल्यापासून सुरुवात, परकी माणसं, कुणाला यांचं बोलणं समजणार? मी काम सोडते. इथंच राहू देत.’

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग आईकडे. ‘आईला विचारूया,’ तो म्हणाला.

किती साधं वाक्य. इतक्या दिवसांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. तो आईच्या खुर्चीपुढे उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न लपवता. दवाखान्यातला विभाग, तिथं एकटीने राहायचे महिने, टोकावरचं शुश्रूषागृह जे आता टळलं होतं, आणि हे घर. बाई ऐकत होत्या. शुश्रूषागृहाचं नाव निघालं तेव्हा त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला, बाकी चेहरा हलला नाही.

‘तुला काय हवंय, आई?’

बाईंनी खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघितलं. मग त्यांनी चित्रवालीकडे बोट केलं. ‘गेट मी इन,’ त्या म्हणाल्या.

मला तिथं घ्या. इतके दिवस कान टवकारून भिंगरी ऐकत आली होती, आणि आता हे एक कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

‘भीती नाही वाटत?’ तिने विचारलं.

‘गॉट स्केअर्ड,’ बाई म्हणाल्या. वाटते. आत्ताच वाटली. मग थोडं थांबून, ‘गेट मी इन.’

भीती वाटत होती, तरी जायचं होतं, आणि दोन्ही त्यांनी त्याच शब्दात सांगितलं होतं. भिंगरीला राग आला, रडूही आलं. ‘इथं काय कमी आहे, बाई?’ ती म्हणाली. ‘पाणी मिळतं, चहा मिळतो, दमले तर तुम्ही मला बस म्हणता, मी बसते. सगळं तर होतंय या एका शब्दात. आणखी काय हवंय तुम्हाला?’

बाईंनी तिचं मनगट धरलं आणि तिला आपल्याजवळ ओढलं. त्यांच्या तोंडावर काहीतरी भरून आलं. ओठ हलू लागले, मान ताठ झाली. ‘गेट...’ असं आलं, आणि त्यांनी लगेच मान हलवली. हे नव्हे. पुन्हा दम घेतला. ‘गेट...’ पुन्हा मान. हेही नव्हे. भिंगरी शेपटी ऐकायला सवयीने पुढे झुकली होती, पण शेपटी येतच नव्हती, कारण या वेळी बाईंना तो शब्दच नको होता. त्यांना तिला काहीतरी सांगायचं होतं. पाणी नव्हे, चहा नव्हे, ऊठ नव्हे, बस नव्हे. घरातलं सगळं ज्यात मावत होतं त्यात एवढं एक मावत नव्हतं. मुलगा बघत होता, चित्रवाली श्वास रोखून बघत होती, आणि ती म्हातारी बाई सगळ्यांसमोर पुन्हा पुन्हा हरत होती आणि मनगट सोडत नव्हती.

‘कळलं मला,’ भिंगरी म्हणाली. गाल ओले झाले होते. ‘कळलं, बाई. राहू दे.’

बाईंनी मान जोरात हलवली. नाही. तुला कळून उपयोग नाही. डाव्या हाताचं बोट त्यांनी स्वतःच्या ओठांवर टेकवलं. हे मला म्हणायचंय.

तेव्हा भिंगरीला खरोखर कळलं की बाई कशासाठी जातायत. त्यांना जगायला तो एक शब्द पुरत होता. तिला एक गोष्ट सांगायला पुरत नव्हता, आणि तेवढ्यासाठी त्या या वयात, भीत भीत, परक्यांच्यात जाऊन पुन्हा पहिलीत बसायला निघाल्या होत्या. आपण कुणाला एवढे हवे असू शकतो, हे तिला आजवर माहीत नव्हतं.

‘बरं,’ ती म्हणाली. ‘मग मी नाही ओळखत. तुम्हीच सांगा, परत आल्यावर. मी कामावर जाते, आणि वाट बघते.’

बाईंनी मनगट सोडलं आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. चित्रवाली मुलाला सोबत काय काय न्यायचं ते सांगू लागली, आणि भिंगरी बाईंची बॅग काढायला आत गेली.